प्रशासकीय कारणास्तव

विजयाताई रामटेके माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. गाझियाबादच्या वैशालीतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं अकरा. त्यांतल्या नऊ घरांनी गेल्या वर्षी या बाईंशी बोलणं कमी केलं. बंद नाही केलं, आम्ही सभ्य माणसं आहोत. कमी केलं. त्या नवांत काही आठवडे माझंही घर होतं. म्हणून हे मी लिहिते आहे, आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून काही गाळणार नाही.

ताई मूळच्या नागपूरच्या, इंदोऱ्याच्या. वडील कापडगिरणीत कामाला होते. बारावीनंतर त्या टायपिंग आणि शॉर्टहँड शिकल्या, परीक्षा दिली आणि बाविसाव्या वर्षी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो म्हणून लागल्या. तिथेच अडतीस वर्षं काढली. नवरा विठ्ठलराव रेल्वेच्या कचेरीत होते. सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला, मुलगी अक्षया तिथेच वाढली. ती क्वार्टरं पाडायला घेतली तेव्हा हे कुटुंब आमच्या वैशालीत आलं. अक्षया नोएडात एका बातम्यांच्या वेबसाइटवर काम करते.

शॉर्टहँड म्हणजे काय हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं. माणूस ज्या वेगानं बोलतो त्या वेगानं त्याचं बोलणं कागदावर उतरवायची ही लिपी. रेघा, आकडे, ठिपके. ती अक्षरं नव्हे तर आवाज लिहिते, त्यामुळे इंग्रजीसाठी शिकलेल्या शॉर्टहँडमध्ये हिंदी बोलणंही उतरवता येतं. ज्याला ती येते त्यालाच वाचता येते, बाकीच्यांना कागदावर नुसते ओरखडे दिसतात.

"ऐकायचं, लिहायचं आणि विसरायचं, असं आम्हाला शिकवलं होतं," ताई म्हणतात. "मला तिसरं कधी जमलं नाही."

मंत्रालयातली एक गोष्ट त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली. नव्वदच्या दशकात एका साहेबांनी त्यांना बढतीच्या यादीवरची टिप्पणी सांगितली. राखीव वर्गातून आलेल्या लोकांची समज मुळातच कमी पडते, असं एक वाक्य त्यात होतं. समोर बसून लिहून घेणारी बाई त्याच वर्गातली आहे हे साहेबांना पक्कं माहीत होतं. वाक्य संपल्यावर थांबून त्यांनी विचारलं, "स्पीड ठीक है ना, विजया?" ताई म्हणाल्या, "जी सर." मग कागद टाइप करून, सही घेऊन फाइलला लावला. "त्या नोटमध्ये माझी एकही टायपिंगची चूक नव्हती," हे सांगताना तीस वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढला होता.

निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून त्यांनी नोएडात सेक्टर त्रेसष्टमध्ये अंशुमन भसीन नावाच्या बिल्डरकडे नोकरी धरली. पन्नाशीचा माणूस, ग्रेटर नोएडाच्या पश्चिमेला त्याचे टॉवर उभे राहत होते. येरझाऱ्या घालत बोलायची आणि कुणीतरी ते लिहून घेतंय हे बघायची त्याला भारी हौस. ताईंची ओळख तो पाहुण्यांना "हमारी मिनिस्ट्री वाली मैडम" अशी करून द्यायचा. मोबाइलवर मात्र त्याचा विश्वास नव्हता. मिटिंगला येणाऱ्या प्रत्येकाचा फोन केबिनबाहेर वेताच्या टोपलीत ठेवला जाई. आत उरायची ती ताईंची वही. तिची त्याला कधी भीती वाटली नाही, कारण ती त्याला वाचता येत नव्हती. एकदा त्यानं वाकून पाहिलं आणि हसला, "ये तो मकड़ी चली है."

याच भसीननं जाहिरातीसाठी महिला हॉकी लीगमधला एक संघ विकत घेतला होता, हिंडन हॉक्स. अठरा मुली. पाच मिझोराम आणि मणिपूरच्या, सात झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी गावांतल्या, उरलेल्या सहा हरियाणा-पंजाबच्या. भसीनच्या बांधून झालेल्या एका टॉवरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर त्यांची राहायची सोय होती. पहिल्याच हंगामात रहिवाशांची कुरकुर सुरू झाली. जेवणाचे वास येतात म्हणे. या मुली परदेशी वाटतात म्हणे. फ्लॅट बघायला येणाऱ्यांवर वाईट छाप पडते म्हणे.

त्यावर मिटिंग झाली. तिच्यात आणि नंतरच्या मिटिंगांत भसीन या मुलींविषयी कसं बोलायचा, त्याचा नमुना पुढे येईल. ठरलं असं की हरियाणा-पंजाबच्या सहा जणी आहेत तिथेच राहतील, बाकीच्या बारा मागच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर जातील. त्या टॉवरला अजून लिफ्ट नव्हती. पाणी टँकरनं येई. ताईंनी सगळं बोलणं वहीत उतरवलं, आणि मिटिंगचे मिनिट्स टाइप करताना लिहिलं की प्रशासकीय कारणास्तव बारा खेळाडूंची निवासव्यवस्था बदलण्यात येत आहे. भसीनला तो शब्दप्रयोग फार आवडला. दोन वर्षं तो तेच सांगायचा, "मैडम, वही वाला लगा दो."

दर मंगळवारी हजेरीच्या फॉर्मवर सह्या घ्यायला ताई त्या सातव्या मजल्यावर चढून जायच्या, त्यामुळे त्या बारा जणींना त्या ओळखत होत्या. अनिमा केरकेट्टा, झारखंडातल्या सिमडेगाकडची, बचावफळीत खेळणारी, कमी बोलणारी. लालमुआनपुई, जिला सगळे मुआनी म्हणत, मिझोरामची गोलकीपर. गोलकीपरच्या पायांचे पॅड, छातीचं कवच, हेल्मेट, सगळं एका मोठ्या बॅगेत असतं. सरावानंतर ती बॅग पाठीवर टाकून मुआनी सात मजले चढायची. दुसऱ्या हंगामात तिचा गुडघा सुजायला लागला.

"आंटी, लिफ्ट कब लगेगी?" तिनं एकदा विचारलं.

"बोला है, बेटा," ताई म्हणाल्या. त्यांनी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

मग तो जानेवारी आला. उपांत्य सामना संघ हरला आणि भसीन मुलींच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरला. हरल्यावर तो आत येऊन काय बोलतो हे एव्हाना त्या बारा जणींना पाठ होतं. अनिमानं फोन बॅगेला टेकवून उभा ठेवला होता. एक्केचाळीस सेकंदांची क्लिप. तिच्यात तो मुलींना जंगलातून धरून आणलेल्या म्हणतो, मिझोरामच्या मुलींच्या डोळ्यांवर बोलतो, यांपैकी एकीलाही आपण घरात मोलकरीण म्हणून ठेवणार नाही असं सांगतो. संध्याकाळपर्यंत ती क्लिप देशभर फिरली. दोन दिवसांत लीगनं एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशी नेमली.

तिसऱ्या दिवशी सेक्टर त्रेसष्टमध्ये भसीननं वकिलाला बोलावलं. फोन टोपलीत गेले. ताई नेहमीच्या खुर्चीत वही घेऊन बसल्या.

"आवाज़ मेरा है ही नहीं," भसीन म्हणाला. "एआई है. आजकल तो बच्चे भी बना लेते हैं."

वकील खूश होता. क्लिप खरी की बनावट हे ठरायला महिने जातील, म्हणाला. आणि तोवर आपल्याकडे एक भक्कम गोष्ट आहे. दोन वर्षांचे मिटिंगचे मिनिट्स. खेळाडूंविषयीची शंभरेक इतिवृत्तं, त्यांत एक वावगा शब्द नाही. असा माणूस ड्रेसिंग रूममध्ये असं कसं बोलेल?

भसीननं ताईंच्या खांद्यावर थाप मारली. "मैडम के मिनट्स हैं. भारत सरकार की ट्रेनिंग है."

"ते वाक्यही मी लिहून घेतलं," ताईंनी मला सांगितलं. "हात थांबला नाही. पण पहिल्यांदा असं वाटलं की पेन त्याच्या हातात खुपसावं."

ताई मिनिट्स शनिवारी घरी टाइप करायच्या, म्हणून वह्या घरीच असत. एकूण सात. प्रत्येक मिटिंगच्या वर तारीख आणि वेळ. त्या रविवारी दुपारी ताईंनी सातही वह्या कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. विठ्ठलराव पेपर वाचत होते. अक्षया आली होती.

"हे काय काढलंस?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"भसीन काय काय बोलला ते. सगळं आहे."

विठ्ठलरावांनी पेपर खाली ठेवला. "विजू, तो बिल्डर माणूस आहे. त्याची पोलिसांत ऊठबस आहे. आपण दोघं पेन्शनवाले. लीगवाले बघतील काय ते."

"तो माझे मिनिट्स दाखवतोय तिथं. मी टाइप केलेले. मी त्याचा घाणेरडेपणा धुऊन दिला आणि आता तो ते धुतलेलं दाखवतोय."

"तू नोकरी केलीस."

"हो ना. तेच सांगतेय मी."

अक्षया एक वही उघडून उलटसुलट बघत होती. तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. "आई, यात काय लिहिलंय, वाच ना."

ताईंनी वाचलं. लिफ्ट नसलेल्या टॉवरची मिटिंग. सलग, न थांबता, मंत्रालयात डिक्टेशन परत वाचून दाखवायच्या त्या सपाट आवाजात. दोन पानांनंतर अक्षयानं हात वर केला.

"बस. अच्छा, म्हणजे तू दोन साल हे रोज ऐकत होतीस? आणि घरी एकदा पण बोलली नाहीस?"

"ऑफिसचं घरी बोलायचं नसतं."

"यार आई, हे ऑफिसचं नाहीये."

विठ्ठलराव उठून आत गेले आणि थोड्या वेळानं परत आले ते वह्या ठेवायला कापडी पिशवी घेऊन. एवढं त्यांनी केलं, हेही सांगायला हवं. सोमवारी ताईंनी न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि त्याच दिवशी भसीनला राजीनामा पाठवला. त्यानं तो स्वीकारला नाही. त्यानं त्यांना कामावरून काढलं, आणि कंपनीची मालमत्ता चोरल्याची नोटीस पाठवली.

चौकशी कनॉट प्लेसजवळच्या एका ऑफिसात होती. लांब टेबल, एका बाजूला न्यायाधीश, समोर भसीन आणि त्याचा वकील. मागच्या खुर्च्यांवर अनिमा, मुआनी आणि आणखी चौघी. ताई विठ्ठलरावांना घेऊन मेट्रोनं गेल्या. पिशवी मांडीवर.

वकिलानं सुरुवातीलाच सांगितलं की हे ओरखडे आहेत, बाई यांचा हवा तो अर्थ लावतील. यावर न्यायाधीशांनी आधीच तोड काढून ठेवली होती. दिल्लीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधले निवृत्त शिक्षक बोलावले होते, ऐंशीच्या पुढचे पंजाबी गृहस्थ, हातात भिंग. ताईंना ते आयुष्यात कधी भेटले नव्हते. त्यांच्यापुढे कुठलीही वही, कुठलंही पान उघडून ठेवायचं आणि त्यांनी वाचायचं.

वकिलानंच पान निवडलं. मधली वही, मधलं पान. म्हातारबुवांनी भिंग लावलं आणि वाचायला लागले. जाहिरातीच्या फलकावर कुणाचे फोटो लावायचे याची मिटिंग होती. त्यांचा आवाज शाळेत धडा वाचावा तसा होता. "होर्डिंग पे हरियाणा वाली लगाओ. ये चिंकी टीम और ये जंगली, इनकी शकल देख के फ़्लैट कौन लेगा." पुढचं त्यांनी वाचलं ते मी लिहीत नाही, ते मुलींच्या शरीरांविषयी होतं. ते वाचताना ते मध्ये थांबले, त्यांनी रुमालानं भिंग पुसलं, आणि न्यायाधीशांकडे बघून विचारलं, "आगे भी पढ़ूँ?"

"पढ़िए," न्यायाधीश म्हणाले.

भसीन मोबाइलशी चाळा करत बसला होता. तिथे टोपली नव्हती.

वकिलाला एक फट सापडली. घाईत लिहिताना स्टेनो मधले स्वर गाळतात, हे त्यानं कुणाकडून तरी विचारून आणलं होतं. मग फक्त च, न, क उरतात. "माझे अशील 'चुन के टीम' म्हणाले असतील," तो म्हणाला. "निवडून संघ करा, असं. यात वाईट काय?"

खोलीत कुणीतरी हसलं. ताई उभ्या राहिल्या. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"स्वर लावलेत," त्या म्हणाल्या. "नेहमीचा शब्द असला तर मी गाळते. हा शब्द मंत्रालयात मला कधी कुणी सांगितला नव्हता, म्हणून पूर्ण लिहिला. बघा, तिथे ठिपका आहे. 'उ' असता तर छोटी रेघ लागली असती."

शिक्षकांनी भिंगातून पाहिलं. "ठिपका आहे," ते हिंदीत म्हणाले. "दोन्ही ठिकाणी." मग त्यांनी मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. "और ये शब्द तो हर पन्ने पर है जी. इतनी बार कौन-सी टीम चुन रहे थे?"

तीन वह्या वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी पुढचं वाचन थांबवलं. लिफ्ट नसलेल्या टॉवरची मिटिंगही त्यांत वाचली गेली होती. ड्रेसिंग रूममधल्या क्लिपमधली चार वाक्यं जशीच्या तशी आधीच्या मिटिंगांत सापडली होती. आता क्लिप कुणी बनवली हा प्रश्न उरला नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट सांगताना लोक ताईंना शाबासकी देतात. ताईंना ती नको असते, कारण त्यानंतर बाहेरच्या पॅसेजमध्ये जे झालं ते त्यांना शाबासकी मिळू देत नाही.

मुआनी पाण्याच्या मशीनजवळ उभी होती. ताई तिच्याकडे गेल्या. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून गेल्या असाव्यात.

"आंटी, आप थीं वहाँ? उस मीटिंग में?"

"हाँ, बेटा."

"सब मीटिंग में?"

"हाँ."

"तो आपको पता था लिफ्ट क्यों नहीं है." ती आवाज चढवून बोलली नाही. "मैं दो साल सोचती रही कि बिल्डिंग में प्रॉब्लम है. आप मेरा साइन लेके जाती थीं."

ताईंनी माफी मागायला तोंड उघडलं, पण मुआनी तोवर वळून गेली होती. गुडघ्यामुळे तिचा एक पाय जरा ओढला जात होता.

"तिनं मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही शेवटी बोललात ना. त्या माझ्यावरच उखडल्या. "शेवटी. त्याचा गुडघा नाही गेला, तिचा गेला. शेवटी बोलले म्हणून काय माझी आरती ओवाळायची?"

निकाल मार्चमध्ये आला. भसीनला लीगमधून कायमचं काढलं, आणि नव्वद दिवसांत संघ विकून टाकायचा हुकूम झाला. वर्तमानपत्रांनी सक्तीची विक्री, ऐतिहासिक निर्णय वगैरे मोठे मथळे दिले. आम्हालाही वाटलं, झाला न्याय.

काय झालं ते ऐका. ज्या संघाचं नाव आधी कुणाला माहीत नव्हतं तो या भानगडीमुळे घरोघर पोचला होता. घ्यायला चार कंपन्या पुढे आल्या. भसीननं घेतला होता त्याच्या तिप्पट किमतीला तो विकला. शिक्षा म्हणून. सह्यांच्या दिवशीचा फोटो आहे, भसीनच्या हातात फुलांचा गुच्छ आणि तोंडभर हसू. नव्या मालकांनी संघ दुसऱ्या राज्यात नेला, नाव बदललं आणि संघाची नव्यानं बांधणी करायची म्हणून अकरा मुलींना काढून टाकलं. त्या बारा जणींपैकी नऊ त्यात होत्या. क्लिप काढणारी अनिमा पहिली. मुआनीचा गुडघा तपासून तिलाही नको म्हणाले. ती ऐझॉलला परत गेली. ज्या मुलींचा अपमान झाला त्यांना विक्रीतून काय मिळालं, असं अक्षयानं लीगला लेखी विचारलं होतं. अशी काही तरतूद नियमांत नाही, असं उत्तर आलं.

ते उत्तर आलं त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या, बसल्या नाहीत. "मालकाला शिक्षा काय, तर त्याचा माल चांगल्या भावात विकून दिला," त्या म्हणाल्या. "आणि माल कोण, तर त्या पोरी."

आता आमच्या मंडळाचं. सोसायटीच्या मराठी मंडळानं निकालानंतर ताईंचा गणपतीत सत्कार करायचं ठरवलं होतं. मी चिटणीस होते, पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. मग अध्यक्ष सुधन्वा देव यांना आठवलं, किंवा कुणीतरी आठवण करून दिली, की आपल्या मांडवाचा खर्च तीन वर्षं भसीनची कंपनी देते. बैठक झाली. वाद नको, गणपतीत राजकारण नको, असं ठरलं. कार्यक्रमपत्रिकेतून सत्कार काढला. बैठकीच्या टिपणात मी लिहिलं, वेळेअभावी. माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्षरात. ताईंना सांगायला कुणी गेलं नाही. त्यांना पत्रिका बघूनच कळलं, आणि जिन्यात भेटल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुमचं अक्षर छान आहे."

मी त्यानंतर काही आठवडे जिना टाळून लिफ्टनं जात होते.

ऑक्टोबरमध्ये अनिमा परत आली. एकटी, सिमडेगाहून, रेल्वेनं. तिला भसीनवर पोलिसांत गुन्हा नोंदवायचा होता, आदिवासींवरच्या अत्याचाराच्या कायद्याखाली. लीगनं जे केलं ते लीगचं, तिचं म्हणणं. माझं मी करणार. दिल्लीत उतरायला तिला जागा नव्हती. तिनं ताईंना फोन केला, "आंटी, आपके यहाँ रुक सकती हूँ?" ताईंनी खाली जाऊन तिची बॅग स्वतः वर नेली. त्या दिवशी मी वर गेले आणि जे बोलायचं होतं ते बोलले. ताई म्हणाल्या, "उद्या नोएडाला जायचंय, येताय का?" माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मी गेले.

ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. पहिल्या दिवशी अधिकारी म्हणाले, ही झारखंडची आदिवासी, उत्तर प्रदेशात तिला आदिवासी धरता येत नाही. अनिमा म्हणाली, "गाली देते समय तो उसने नहीं पूछा कि कहाँ की हूँ." दुसऱ्या वेळी साहेब जागेवर नव्हते, आम्ही चार तास बाकावर बसलो. तिसऱ्या वेळी अक्षयानं एक वकीलबाई बरोबर दिल्या. त्यांनी कोर्टाच्या निकालांचे कागद टेबलावर ठेवले, चौकशीचा अहवाल ठेवला आणि तक्रार घेणार नाही असं लेखी द्या म्हणाल्या. मग अधिकाऱ्यांनी तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीला बोलावलं.

मुन्शी तरुण होता, चष्मेवाला, सभ्य. अनिमा सांगत गेली, तो लिहीत गेला. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं. आरोपीनं फिर्यादीस जातिवाचक अपशब्द वापरले.

"वो नहीं," अनिमा म्हणाली. "जो बोला था, वो लिखिए."

"बहनजी, सरकारी काग़ज़ है. ऐसे शब्द कैसे लिखें?"

ताई बाकावरून उठल्या. त्रेसष्ट वर्षांची बुटकी बाई, पांढरा अंबाडा, खांद्याला पर्स. त्या मुन्शीच्या टेबलाशी गेल्या आणि दोन्ही हात टेकून वाकल्या.

"अड़तीस साल सरकारी काग़ज़ पर ही लिखा है मैंने," त्या म्हणाल्या. "सब लिखा जाता है. अपशब्द लिखोगे तो कोर्ट में वो कहेगा, गधा कहा था. नया पन्ना लो. मैं बोलती हूँ, धीरे बोलूँगी."

त्यानं साहेबांच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. त्यानं नवा कागद घेतला. ताईंनी अनिमाकडे पाहिलं, ती मान हलवून हो म्हणाली. मग एक शब्द अनिमानं सांगायचा, तो ताईंनी पुन्हा स्पष्ट म्हणायचा आणि मुन्शीनं लिहायचा, असं चाललं. ठाण्यातली माणसं वळून बघायला लागली. एक हवालदार मोबाइल खिशात घालून उभा राहिला. जिथे जिथे तो घसरला तिथे ताईंनी खोडून परत लिहायला लावलं. मला लाज वाटत होती, आणि ती कुणाची वाटतेय ते कळत नव्हतं. अनिमाचा आवाज शेवटपर्यंत एकदाही कापला नाही.

गुन्हा नोंदवला गेला. आठवड्यात भसीनला जामीन मिळाला. मागच्या टॉवरला आता लिफ्ट लागली आहे, तिथले फ्लॅट विकायला काढलेत आणि मेट्रोच्या डब्यात त्यांची जाहिरात असते. त्याच्या वकिलानं ताईंवरचा चोरीचा खटलाही चालू ठेवलाय, त्यामुळे ताईंना दोन कोर्टांत दोन तारखा पडतात. एकीत त्या साक्षीदार, दुसरीत आरोपी.

अनिमा प्रत्येक तारखेला येते आणि त्यांच्याकडेच उतरते. मुआनीला ताईंनी तीन पत्रं लिहिली, हातानं, हिंदीत. तिचं उत्तर आलेलं नाही. येईल असंही ताई म्हणत नाहीत. मागच्या महिन्यात चौथं लिहायला बसल्या होत्या तेव्हा मी तिथे होते. विठ्ठलराव म्हणाले, "अगं, तिला नसेल बोलायचं तर कशाला त्रास देतेस तिला?" ताईंनी पेन खाली ठेवलं आणि ते पत्र अर्धंच ठेवून पोळ्या करायला उठल्या. पिठाचा डबा त्यांनी इतक्या जोरात आपटला की अनिमा बाथरूममधून बाहेर येऊन विचारायला लागली, काय झालं.

"कुछ नहीं," ताई म्हणाल्या. "तू खाना खा ले. साढ़े दस बजे कोर्ट पहुँचना है."